जुना संगणक, नवे कुलूप आणि खारीचा बांध

वडखळचा नाका सोडून नागोठण्याच्या दिशेने निघाले की महामार्गालगत गडब लागते. जवळच डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसतात आणि खाडीच्या अंगाला भाताच्या खारजमिनी पसरलेल्या आहेत. या परिसरात माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे लहानसे दुकान आहे. सातबाराचा उतारा काढणे, शिष्यवृत्तीचे आणि परीक्षेचे अर्ज भरणे, आधारपत्राची प्रत छापून देणे, नोकरीच्या जाहिरातीस अनुसरून कागदपत्रे चढविणे, अशी कामे तेथे दिवसभर चालतात. भांडवल म्हणावे तर दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि ग्राहकांचा विश्वास एवढेच. संगणक २०१६ साली घेतलेले. ते आजही कुरकुर न करता चालतात.

परंतु १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी त्या चालत्या यंत्रांना जणू वार्धक्याचा दाखला मिळाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार त्या दिवशी थांबविला. विंडोज ११ घ्यावी तर संगणकात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-चिप हवी, असा संदेश पडद्यावर आला. माझ्या विद्यार्थ्याने शहरातील एका विक्रेत्याचा सल्ला घेतला. 'चिप बसवा, काम होईल,' असे त्यास सांगण्यात आले. दोन हजार आठशे रुपये देऊन त्याने चिप आणली, मदरबोर्डावर बसविली आणि तपासणी पुन्हा केली. चिप ओळखली गेली. नकार मात्र कायम राहिला. आता कारण निराळे होते. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि नव्या प्रणालीस किमान आठव्या पिढीचा हवा. पुढे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. त्या संगणकात टीपीएमची सोय मुळातच होती. ती केवळ बंद अवस्थेत होती. म्हणजे घरातच पडून असलेले कुलूप त्याने बाजारातून पुन्हा विकत घेतले, आणि तेही ज्या दाराला लागणार नाही अशा दारासाठी.

'सर, हे अर्थशास्त्रात कशात बसते?' असे त्याने मला विचारले. प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर वर्गात देता येईल इतके सरळ नाही. म्हणून ते येथे सविस्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

कुलपाचे स्वरूप

प्रथम हे कुलूप म्हणजे काय ते समजून घेऊ. 'ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल', संक्षेपाने टीपीएम, ही गुप्तकिल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी होय. संगणक सुरू होताना त्याच्या मूळ आज्ञावलीत कोणी ढवळाढवळ केली आहे काय, याची नोंद ती ठेवते. तबकडीवरील माहिती कूटबद्ध केलेली असल्यास तिची किल्ली या तिजोरीत राहते; त्यामुळे चोराने तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली तरी त्याच्या हाती काही लागत नाही. या तिजोरीची दुसरी आवृत्ती, म्हणजे टीपीएम २.०, २०१४ साली प्रसिद्ध झाली, आणि जुलै २०१६ नंतर विंडोजसह येणाऱ्या नव्या संगणकांच्या नमुन्यांत ती असावी असे बंधन आले. ती स्वतंत्र चिपच्या रूपात असते किंवा प्रोसेसरच्या अंगभूत सोयीच्या रूपात. इंटेलच्या यंत्रांत या अंगभूत सोयीस 'पीटीटी' आणि एएमडीच्या यंत्रांत 'एफटीपीएम' म्हणतात.

तेव्हा हे कुलूप निरुपयोगी आहे, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. परंतु ते कशापासून रक्षण करते आणि कशापासून करीत नाही, याचा विवेक ठेवला पाहिजे. दूरध्वनीवरून गोड बोलून गुप्त अंक काढून घेणाऱ्या भामट्यास ते अडवीत नाही. बनावट दुव्यावर बोट ठेवणाऱ्याचा हात ते धरीत नाही. आपल्याकडील शिक्षक, लिपिक आणि निवृत्तिवेतनधारक ज्या फसवणुकीस नित्य बळी पडतात, तिचा मोठा भाग याच प्रकारचा आहे. सामान्य माणसास टीपीएमहून अधिक निकड आहे ती दरमहा मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांची, म्हणजे प्रणालीत सापडलेली भोके वेळच्या वेळी बुजविण्याची. आणि विरोधाभास असा की, तिजोरी नाही किंवा प्रोसेसर जुना आहे या कारणास्तव याच दुरुस्त्या थांबविल्या गेल्या. कुलूप कच्चे आहे म्हणून पहारेकरीही काढून घ्यावा, असा हा न्याय आहे.

खारीचा दाखला

सुरक्षा ही ज्याची त्याने पाहावयाची खाजगी बाब आहे, असे काहींचे मत असते. गडब-पेणच्या शेतकऱ्यास हे मत क्षणभरही पटणार नाही. खाडीकाठची शेती समुद्राकडील बांधाच्या आधाराने जगते. उधाणात त्या बांधाला एके ठिकाणी खांड पडली की खारे पाणी केवळ त्या जागेच्या मालकाच्या शेतात थांबत नाही. ते साऱ्या खारीत पसरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक करून ठेवते. म्हणूनच जुन्या शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधाच्या डागडुजीसाठी बिघ्यामागे ठराविक भात द्यावे लागे. म्हणूनच मुंबई राज्याने १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि महाराष्ट्राने १९७९ साली खारभूमी विकास अधिनियम केला. बांध हे एकट्याचे काम नव्हे, हे शहाणपण या भूमीत फार जुने आहे. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. माझ्या निष्काळजीपणाची किंमत तुम्हाला मोजावी लागते, म्हणून माझी काळजी हा तुमच्याही हिताचा विषय ठरतो.

जोडलेल्या संगणकांचे जगही असेच आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर हाहाकार उडविला. ज्या भोकातून ती शिरली त्याची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, उपलब्ध झालेली होती; परंतु असंख्य यंत्रांवर ती चढलेली नव्हती. विंडोज एक्सपीचा आधार तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. अखेर कंपनीलाच त्या निवृत्त प्रणालीसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. त्यानंतर दीडच महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' हा दुसरा हल्ला झाला. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीत होता. पण त्याची झळ थेट आपल्या रायगड जिल्ह्यापर्यंत पोहोचली. उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम त्यामुळे ठप्प झाले. कोठे युक्रेनमधील हिशेबनीस आणि कोठे न्हावा-शेवा! खांड एकीकडे पडली आणि पाणी दुसरीकडे चढले. नॉटपेट्याने पुढे दुरुस्ती चढविलेली यंत्रेही चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्याने गाठली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे केवळ दुरुस्त्या पुरेशा नसतात. परंतु बांध सर्वत्र टिकत नाही, म्हणून तो बांधूच नये, असे कोणी म्हणत नाही.

आता गडबच्या त्या दुकानाकडे पुन्हा पाहा. त्या दोन यंत्रांतून पंचक्रोशीतील कित्येक कुटुंबांची आधारपत्रे, बँकेची पासबुके, जातीचे दाखले आणि मुलांच्या गुणपत्रिका जातात. ते यंत्र उघडे पडले तर नुकसान दुकानदाराचे थोडे आणि गावाचे अधिक होईल. शाळेच्या कार्यालयात शालार्थ प्रणालीत वेतनदेयके भरणारा लिपिक ज्या संगणकावर बसतो, त्याचीही हीच कथा.

खर्च कोणी सोसावा?

येथे कंपनीची बाजू प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली, म्हणजे तिला दहा वर्षांहून अधिक काळ आधार मिळाला. आधीच्या प्रणालीवरून तिच्यावर येणाऱ्या बहुसंख्य ग्राहकांना ती विनामूल्य मिळाली होती. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे. म्हणजे पूर्वसूचनाही चार वर्षांची होती. दोन प्रणाली समांतर सांभाळण्यास मनुष्यबळ लागते, आणि जुन्या यंत्रांच्या मर्यादा सांभाळीत बसल्यास नव्या सुरक्षा-रचना उभारता येत नाहीत. हे सर्व मान्य करावयास हवे.

परंतु मान्य करून झाल्यावरही एक प्रश्न उरतो. दुरुस्त्या तयार करणे खरोखर थांबले आहे काय? नाही. पैसे भरणाऱ्यांसाठी त्या तयार होतच आहेत. कंपनीने जाहीर केलेल्या दरानुसार व्यावसायिक संस्थांस पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आकार आहे, आणि तो पुढे दरवर्षी दुप्पट होतो. म्हणजे तीन वर्षांचे ६१, १२२ आणि २४४ मिळून ४२७ डॉलर. शिक्षणसंस्थांसाठी हाच आकार अनुक्रमे १, २ आणि ४, म्हणजे तीन वर्षांचे मिळून ७ डॉलर आहे. घरगुती ग्राहकास एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदत ३० डॉलरला देऊ करण्यात आली. किंवा आपल्या संगणकातील मांडणी कंपनीच्या खात्यात साठविण्यास संमती दिल्यास विनामूल्य. एकच वस्तू, एकाच कारखान्यात तयार झालेली, एकास ४२७ डॉलरला आणि दुसऱ्यास ७ डॉलरला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यास मूल्यभेद म्हणतात, आणि तो मक्तेदारीच्या बाजारातच टिकू शकतो. तयार झालेली दुरुस्ती आणखी एका यंत्रावर पोहोचविण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. तेव्हा ती अडवून ठेवण्यामागे खर्चाचे कारण दुय्यम आणि विक्रीचे कारण प्रमुख आहे, असा निष्कर्ष काढल्यास तो अन्यायाचा ठरू नये.

वस्तू मुद्दाम अल्पायुषी करण्याची कल्पना नवी नाही. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी जिनिव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले. १९३२ च्या महामंदीत बर्नार्ड लंडन या अमेरिकन लेखकाने, वस्तूंना कायद्यानेच मृत्युतिथी ठरवून द्यावी म्हणजे मागणी वाढेल, असा प्रस्ताव मांडला होता. आजचा प्रकार त्याहून सूक्ष्म आहे. यंत्र बिघडत नाही. त्याच्या भोवतीची सेवा काढून घेतली जाते. दिवा पेटत राहतो, पण त्याच्या उजेडात बसणे धोक्याचे ठरते.

या साऱ्यात आमच्या दुकानदाराची अवस्था सर्वांत विचित्र आहे. सवलतीचा दर शाळेला आहे, तो त्याला मिळणार नाही. घरगुती योजना घरगुती यंत्रांसाठी आहे, आणि त्याचे यंत्र तर दुकानात. मोठ्या उद्योगांचा दर त्याच्या आवाक्याबाहेरचा. धोरणे आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुटुंब असते, शाळा असते, कंपनी असते. दोन संगणकांवर पोट भरणारा माणूस त्यांच्या कोणत्याच कोष्टकात बसत नाही. आपल्या देशात अशांचीच संख्या थोर आहे.

युरोपास एक न्याय

हे सर्व अपरिहार्य होते काय? युरोपचा अनुभव तसे सांगत नाही. तेथील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांस हे वाढीव वर्ष, मांडणी साठविण्याची अट न घालता, विनामूल्य देण्याचे मान्य केले. ठराविक दिवसांनी खात्यात प्रवेश करीत राहणे एवढीच अट उरली. भारतीय ग्राहकास मात्र ही मोकळीक मिळाली नाही. यंत्र तेच, भोके तीच, धोका तोच. फरक एवढाच की तेथे ग्राहक संघटित आहे आणि येथे तो एकटा आहे. युरोपीय संघाने २०२४ साली सायबर-सुरक्षेचा जो कायदा संमत केला, त्यानुसार डिजिटल वस्तूंच्या उत्पादकांस सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागतील आणि तो काळ ग्राहकास आधी कळवावा लागेल. त्याची प्रमुख कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत.

आपल्याकडेही हालचाल झालेली नाही असे नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. परंतु दुरुस्ती म्हणजे केवळ सुटे भाग आणि कारागीर, ही कल्पना आता अपुरी झाली आहे. ज्या यंत्राचा प्राण आज्ञावलीत आहे, त्याच्या आज्ञावलीची डागडुजी हीही दुरुस्तीच होय. दुसरीकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. कचरा नीट उचला असे एका हाताने सांगावयाचे आणि चालती यंत्रे कचऱ्यात लोटणाऱ्या व्यवहाराकडे डोळेझाक करावयाची, ही विसंगती शासनाने फार काळ चालू ठेवू नये.

करावयाचे काय?

टीका करून थांबणे शिक्षकास शोभत नाही. म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, चिप विकत घेण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी पाहावी. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीच्या रायझन मालिकेतील २००० पासून पुढची यंत्रे, काही अपवाद सोडता, नव्या प्रणालीस पात्र आहेत. त्याहून जुन्या यंत्रात टीपीएम बसवून अधिकृत मार्ग मोकळा होत नाही. यंत्र पात्र असेल तर चिप बहुधा विकत घ्यावीच लागत नाही. संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत जाऊन 'पीटीटी' किंवा 'एफटीपीएम' चालू केले की काम भागते. तसे करण्याआधी सर्व फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी, आणि तबकडी कूटबद्ध असल्यास तिची पूर्वप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. अन्यथा स्वतःच्याच घराबाहेर अडकण्याची वेळ येते. स्वतंत्र चिप घ्यावयाचीच झाली तर आपल्या मदरबोर्डाच्या उत्पादकाने सांगितलेलीच घ्यावी, कारण तिच्या पिनांची रचना सर्वत्र सारखी नसते.

दुसरी गोष्ट शाळा-महाविद्यालयांसाठी. प्रयोगशाळेतील चाळीस संगणक मोडीत काढण्याचा ठराव करण्यापूर्वी शैक्षणिक सवलतीचा हिशेब करावा. चाळीस यंत्रांचे तीन वर्षांचे मिळून २८० डॉलर होतात. एवढ्यात एक नवा संगणकही धड येणार नाही. त्या तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने खरेदी करता येईल.

तिसरी, मुक्त प्रणालींकडे संशयाने पाहणे सोडावे. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग दोन दशकांपूर्वीच धरला, आणि २०१९ साली तेथील सुमारे दोन लाख संगणकांवर मुक्त प्रणालीची नवी आवृत्ती बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली सिद्ध केली आहे, आणि मुंबईच्या आयआयटीतून अशा आज्ञावलींचे पाठ मराठीतही तयार झाले आहेत. अडचणी आहेत, त्या नाकारू नयेत. जुन्या मराठी फाँटांत टंकलेली वर्षानुवर्षांची कागदपत्रे, हिशेबाच्या ठराविक आज्ञावली, अंकीय स्वाक्षरीची उपकरणे यांसाठी लिपिकांस विंडोज लागते. पण अर्ज भरणे, पत्र लिहिणे, विद्यार्थ्यांना शिकविणे, ही कामे त्यावाचून अडत नाहीत.

चौथी गोष्ट शासनाने करावयाची आहे. औषधाच्या पुडीवर जशी मुदत छापलेली असते, तशी प्रत्येक संगणकाच्या खोक्यावर 'सुरक्षा-दुरुस्त्या अमुक वर्षापर्यंत' अशी ओळ सक्तीची करावी. जिल्हा परिषदा, विद्यापीठे आणि महामंडळे यांच्या निविदांत हीच अट घालावी. एवढी मोठी खरेदी हाती असताना ग्राहकाने हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. आणि युरोपास जे दिले ते भारतीय ग्राहकास व लहान दुकानदारास का नाही, हा प्रश्न केंद्र सरकारने कंपनीस अधिकृतपणे विचारावा.

माझ्या विद्यार्थ्याने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. एका संगणकावर त्याने मुक्त प्रणाली बसविली आणि अर्जांचे सारे काम तिकडे वळविले. दुसरा त्याने महाजालापासून तोडून केवळ छपाईसाठी आणि जुन्या मराठी फायलींसाठी ठेवला आहे. ग्राहकांच्या कागदपत्रांच्या प्रती काम झाल्यावर त्याच दिवशी पुसून टाकण्याचा नियम त्याने केला आहे, आणि या नियमाला कोणतीही चिप लागत नाही. दोन हजार आठशे रुपयांची ती वस्तू मात्र खणात पडून आहे; विक्रेत्याने ती परत घेतली नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हे अर्थशास्त्रात दोन ठिकाणी बसते. बांध सर्वांच्या रक्षणासाठी आहे, म्हणून तो सार्वजनिक हिताच्या प्रकरणात येतो. आणि त्याची उघाडी एकाच्या हाती आहे, म्हणून तो मक्तेदारीच्या प्रकरणातही येतो. खारीतल्या शेतकऱ्यांनी उघाडी कोणा एकाच्या मर्जीवर सोडली नाही. संगणकाच्या बाबतीत आपण ती सोडून बसलो आहोत, एवढे जरी या निमित्ताने ध्यानी आले, तरी त्या चिपचे पैसे अगदीच वाया गेले असे मी म्हणणार नाही.